डाव्या मैदानातला वकील

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास येतो: नॅशनल लीगमधला पहिला हिट कुणाचा? उत्तर ठरलेलं आहे, जिम ओ'रोर्क. २२ एप्रिल १८७६ रोजी फिलाडेल्फियात बॉस्टनचा हा पंचवीस वर्षांचा आउटफिल्डर पहिल्याच डावात, दोघे बाद झाल्यावर, चेंडू टोलवून पहिल्या बेसवर पोचला. बॉस्टनने सामना ६-५ असा जिंकला आणि ओ'रोर्कचं नाव विक्रमांच्या पुस्तकात कायमचं जाऊन बसलं. हा योगायोगाचा मान होता. त्या दिवशी दुसऱ्या शहरांत पावसाने सामने धुतले गेले नसते, किंवा त्याच्या आधीचा एखादा फलंदाज जरा बरा खेळला असता, तर उत्तर दुसरंच असतं. त्याच्या कारकिर्दीतला योगायोगाचा नसलेला क्षण त्यानंतर तीन वर्षांनी आला. तो वीस डॉलरचा होता, आणि प्रश्नमंजूषेत तो कुणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या या खेळाडूकडे लोक दोन प्रकारे पाहतात. पहिला प्रकार आकड्यांचा: तेवीस मोसम, अडीच हजारांहून जास्त हिट, तीनशेच्या वरची सरासरी, १९४५मध्ये हॉल ऑफ फेम. दुसरा प्रकार प्रेमाचा: खेळावर जीव टाकणारा, म्हातारपणीही मैदान न सोडणारा भला माणूस. मला दोन्ही अपुरे वाटतात. ओ'रोर्कची कारकीर्द इतकी लांबली आणि त्याची मान इतकी ताठ राहिली, याचं मुख्य कारण मैदानाबाहेर होतं. बेसबॉलवाचून त्याचं अडत नव्हतं. मालकाशी भांडण झालं तर परत जायला त्याला घर होतं, शेत होतं, पुढे वकिलीची सनद होती. त्याच्याइतकेच किंवा त्याच्याहून सरस खेळणारे जे होते, त्यांच्यापाशी हे नव्हतं. त्यांचं काय झालं ते पाहिलं की पगारी खेळाडूच्या स्वातंत्र्याबद्दल आपण सहसा जे बोलतो, ते तपासून घ्यावंसं वाटतं.

ओ'रोर्क कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टचा. आईबाप आयर्लंडहून आलेले, वडील लवकर गेले, घरचं शेत आईच्या आणि मुलांच्या अंगावर. १८७२मध्ये जवळच्या मिडलटाउन गावचा मॅन्सफील्ड्स हा संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरला आणि जिमला न्यायला माणसं आली. आईने विचारलं, मग शेतात राबणार कोण? अखेर संघाने त्याच्या जागी एक गडी लावून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे मुलगा बाहेर पडला, असं सांगतात. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलंही असेल. पण खरी असेल तर व्यावसायिक खेळातला हा मला माहीत असलेला सर्वांत शहाणा करार आहे, आणि तो एका विधवा शेतकरणीने केलेला आहे. मॅन्सफील्ड्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुडाला. पगार कुणाचे मिळाले, कुणाचे नाही, कोण जाणे. शेत मात्र जागेवर होतं.

आउटफिल्डर म्हणजे कोण, हेही सांगायला हवं. बेसबॉलमध्ये नऊ जण क्षेत्ररक्षणाला उभे राहतात. त्यांतले तिघे पार मागे, गवतावर: डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. आपल्या क्रिकेटमधल्या सीमारेषेजवळच्या क्षेत्ररक्षकासारखेच. त्या काळी हातमोजे नव्हते, उंच उडालेला कडक चेंडू उघड्या तळव्यांत घ्यायचा. मैदानं खडबडीत, काही ठिकाणी प्रेक्षक आणि घोडागाड्या थेट क्षेत्ररक्षकाच्या पाठीला टेकलेल्या. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, पंचेचाळीस फुटांवरून खालून हात फिरवून चेंडू टाकी, आणि तो वर हवा की खाली हे फलंदाज सांगू शके. ओ'रोर्क गरज पडली तर पहिल्या बेसवर, तिसऱ्यावर, फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या जागीही उभा राहिला, पण त्याचा बराचसा काळ गेला तो या मागच्या गवतावर.

१८७३मध्ये त्याला बॉस्टन रेड स्टॉकिंग्जने घेतलं. संघाचा कर्ता हॅरी राइट, स्वतः मूळचा क्रिकेटर. बॉस्टनच्या प्रोटेस्टंट आश्रयदात्यांना आयरिश आडनाव खुपेल म्हणून आडनावातला 'ओ' काढून टाक असं त्याला सुचवलं गेलं आणि त्याने साफ नकार दिला, अशी आख्यायिका आहे. मिशी काढायलाही तो तयार झाला नाही म्हणतात. हा संघ १८७३, १८७४ आणि १८७५ असा लागोपाठ विजेता ठरला. १८७४च्या उन्हाळ्यात बॉस्टन आणि फिलाडेल्फिया इथले खेळाडू बेसबॉल दाखवायला इंग्लंडला गेले, लॉर्ड्सवरही खेळले, आणि यजमानांशी जास्त माणसं घेऊन क्रिकेटचे सामने खेळून न हरता परतले. तिथे त्यांना एक वेगळीच व्यवस्था दिसली असणार. इंग्लिश क्रिकेटमध्ये पैसे घेऊन खेळणारे आणि हौशी सद्गृहस्थ यांची दारंदेखील वेगळी होती. कोण वरचा आणि कोण खालचा, हे त्या दारावर लिहिलेलं होतं. अमेरिकनांना असल्या दाराची गरज नव्हती. त्यांच्याकडे सगळेच पैसे घेणारे, त्यामुळे वरखालीचा प्रश्न दुसरीकडून आला. खेळाडूंनी चालवलेली जुनी संघटना मोडून १८७६मध्ये जी नॅशनल लीग उभी राहिली, ती क्लबांची होती, म्हणजे मालकांची. तीत खेळाडू नोकर होते.

आता ते वीस डॉलर. बॉस्टन क्लबची सूत्रं तोवर आर्थर सोडेनच्या हाती आली होती. माणूस हिशेबी. संघाने १८७७ आणि १८७८ ही दोन्ही अजिंक्यपदं जिंकली, तरी खेळाडूंच्या पगारातून गणवेशापोटी वीस डॉलर कापले जात. ज्या गणवेशावर क्लबचं नाव, जो घालून क्लबसाठी खेळायचं, त्याचे पैसे खेळाडूने द्यायचे. ओ'रोर्कने हरकत घेतली. चाहत्यांनी वर्गणी काढून त्याचे पैसे भरायची तयारी दाखवली, तरी तो हटला नाही. रक्कम कोण देतो हा त्याच्या मते मुद्दाच नव्हता. १८७९च्या मोसमाला तो बॉस्टन सोडून शेजारच्या प्रॉव्हिडन्सला गेला. हॅरीचा भाऊ जॉर्ज राइट, त्या काळचा सर्वांत नावाजलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), तोही तिकडेच गेला. त्या वर्षी प्रॉव्हिडन्स पहिला आला आणि बॉस्टन दुसरा.

सोडेनने यातून धडा घेतला, फक्त आपल्या सोयीचा. २९ सप्टेंबर १८७९ रोजी बफेलोमध्ये मालकांची गुप्त बैठक झाली. ठरलं असं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू 'राखून' ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कुठल्याही क्लबने घ्यायचं नाही. करार एका मोसमाचा असो, तो संपलेला असो, राखीव खेळाडूला बोलणी करायला एकच दार. तिथे मिळेल त्या पगारावर खेळ, नाहीतर घरी बस. १८८३मध्ये ही संख्या अकरावर गेली, पुढे चौदावर, आणि १८८७पासून कलम थेट करारनाम्यातच आलं. क्लब मात्र खेळाडूला दहा दिवसांची नोटीस देऊन काढू शकत होता. आयपीएलमुळे 'रिटेन' केलेला खेळाडू आपल्याला नवा राहिलेला नाही. पण आयपीएलचा करार कधीतरी संपतो. या कलमाला शेवटच नव्हता.

याचा वार पहिल्यांदा कुणावर बसला ते पाहा. चार्ली जोन्स, बॉस्टनचाच आउटफिल्डर, धिप्पाड, फटक्यात जोर असलेला. १८७९मध्ये लीगमध्ये सर्वांत जास्त, नऊ होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस पार) त्याचे होते. जून १८८०मध्ये एकाच डावात दोन होमरन मारणारा तो लीगमधला पहिला खेळाडू ठरला. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, संघ परगावी असताना, त्याने थकलेला पगार मागितला, ३७८ डॉलर. क्लबचं म्हणणं, परत आल्यावर देऊ. जोन्सने खेळायला नकार दिला. क्लबने दंड ठोठावला, त्याला काढलं आणि काळ्या यादीत टाकलं. पैशांच्या बाबतीत न्यायालयाने जोन्सची बाजू उचलून धरली, पण काळी यादी न्यायालयाच्या हातात नव्हती. ऐन उमेदीतले दोन पूर्ण मोसम, १८८१ आणि १८८२, तो मोठ्या लीगबाहेर राहिला. १८८३मध्ये प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशनच्या सिनसिनाटी क्लबने घेतलं तेव्हा कुठे तो पुन्हा उभा राहिला.

गंमत अशी की १८८०च्या त्या बॉस्टन संघात ओ'रोर्कही होता. एका मोसमासाठी परतला होता, आणि सहा होमरनसह त्या वर्षी अव्वल स्थानाचा वाटेकरी होता. दोघे एकाच मैदानाच्या मागच्या गवतावर, एकाच सोडेनच्या पगारावर. एकाने वीस डॉलरसाठी भांडण काढलं आणि नामुष्की मालकाच्या वाट्याला आली. दुसऱ्याने ३७८ डॉलर मागितले, तेही स्वतःच्या घामाचे, आणि नामुष्की त्याच्याच वाट्याला आली. मधे फक्त बफेलोची ती बैठक. जोन्सला तापट, बेहिशेबी ठरवून मोकळे होणारे लेखक आहेत. मला ते पटत नाही. १८७९च्या मोसमाआधी ओ'रोर्कला दुसरा क्लब घेऊ शकत होता, १८८०च्या हिवाळ्यात जोन्सला घेऊ शकत नव्हता. स्वभावाची चर्चा त्यानंतर.

मालकांच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खरोखर जड आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. आधीच्या खुल्या व्यवस्थेत खेळाडू हवा तिकडे जात. परिणाम काय झाला? सगळे चांगले खेळाडू बॉस्टनमध्ये गोळा झाले. १८७५मध्ये बॉस्टनने ७१ सामने जिंकले आणि ८ हरले. मोसम संपण्याआधीच क्लब गाशा गुंडाळत होते. कोण जिंकणार हे ठाऊक असलेला खेळ तिकीट काढून कोण पाहील? आणि त्या ७१-८च्या संघात स्वतः ओ'रोर्क होता. म्हणजे खुल्या कराराने खेळाचं जे नुकसान झालं, त्याचा तो लाभार्थी. खेळाडू बांधून ठेवल्याशिवाय लहान शहरांचे क्लब टिकणार नाहीत, असं जर कुणी तळमळीने म्हणत असेल, तर त्याला ढोंगी म्हणून उडवून लावता येत नाही.

पण मग बांधून ठेवल्यावर तरी बरोबरी साधली का? शिकागोने १८८० ते १८८२ लागोपाठ तीनदा आणि पुन्हा १८८५, १८८६ असं अजिंक्यपद घेतलं. बॉस्टनने १८९१ ते १८९३ तेच केलं. पुढच्या शतकात न्यू यॉर्क यांकीज १९४९ ते १९५३ लागोपाठ पाच वेळा जगज्जेते झाले, हे कलम भरात असताना. चांगला खेळाडू शेवटी पैसेवाल्या शहराकडे गेलाच. बदल इतकाच झाला की त्याच्या जाण्याचे पैसे कुणाच्या खिशात पडायचे. १८८७च्या फेब्रुवारीत शिकागोने आपला उजव्या मैदानातला लाडका खेळाडू माइक 'किंग' केली बॉस्टनला विकला, दहा हजार डॉलरला. पैसे शिकागो क्लबला. केलीच्या पगारावर दोन हजारांची कमाल मर्यादा होती, म्हणून बॉस्टनने त्याचं छायाचित्र वापरण्याच्या हक्कापोटी वरचे तीन हजार दिले. मर्यादा मालकांनीच घातलेली, पळवाटही त्यांचीच. १९५६मध्ये सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने हेच नीट मांडून दाखवलं: हक्क क्लबकडे असो की खेळाडूकडे, खेळाडू साधारण तिथेच पोचतो जिथे त्याची किंमत सर्वांत जास्त आहे. राखीव कलमाने मिळकत सरकते, माणूस सरकायचा थांबत नाही. ब्रिजपोर्टच्या शेतकरणीला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागला नसता.

ओ'रोर्क १८८१ ते १८८४ बफेलोचा खेळाडू-व्यवस्थापक होता. त्याचं बोलणं इतकं अलंकारिक की त्याला 'ओरेटर' हे टोपणनाव पडलं. बफेलोच्या एका खेळाडूने दहा डॉलर उचल मागितली, तर त्याने लांबलचक शब्दांची मिरवणूक काढून नकार दिला, हा किस्सा अमेरिकन बेसबॉलचे इतिहासकार अजून चवीने सांगतात. मला त्यात विनोदाइतकीच दुसरी गोष्ट दिसते. खुर्चीवर बसल्यावर ओ'रोर्कलाही खेळाडूच्या खिशातली दहा डॉलरची अडचण लांबूनच दिसू लागली. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

१८८५मध्ये तो न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला. कायद्याच्या शिक्षणाचा खर्च क्लबने उचलायचा, असं त्या करारात होतं म्हणतात. येलमध्ये तो हिवाळ्यात शिकला, १८८७मध्ये पदवी घेतली, कनेक्टिकटमध्ये सनद मिळवली. त्याच वर्षी त्याचा सहकारी शॉर्टस्टॉप जॉन माँटगोमेरी वॉर्ड, कोलंबियाचा कायद्याचा पदवीधर, एका मासिकात लेख लिहून विचारत होता की बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय. वॉर्डच्या पुढाकाराने १८८५मध्येच खेळाडूंची 'ब्रदरहुड' ही संघटना स्थापन झाली होती, आणि ओ'रोर्क तिचा सुरुवातीपासूनचा कार्यकर्ता. एकाच संघात कायदा शिकलेले दोन खेळाडू असणं ही मालकांच्या दृष्टीने दुर्दैवाची गोष्ट होती.

ठिणगी पडली १८८८च्या अखेरीस. अल्बर्ट स्पाल्डिंग, शिकागोचा मालक आणि खेळाच्या सामानाचा व्यापारी, खेळाडूंचं पथक घेऊन जगप्रवासाला निघाला होता. वॉर्ड त्यात होता. जहाज ऑस्ट्रेलियाहून कोलंबोला आलं, तिथे सामना झाला, पुढे इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्या पायथ्याशी खेळले. (हिंदुस्थानात हे पथक आलंच नाही. आलं असतं तर मुंबईच्या पारशी क्रिकेटरांनी त्यांच्याकडे कसं पाहिलं असतं, याची मला उत्सुकता आहे.) वॉर्ड असा समुद्रावर असताना इकडे मालकांनी नवी वर्गवारी मंजूर केली. खेळाडूंच्या पाच इयत्ता, वरच्याला अडीच हजार डॉलर, खालच्याला दीड हजार. कुणाची इयत्ता कुठली, हे खेळाबरोबरच त्याच्या वागणुकीवरूनही ठरणार, आणि ठरवणार मालक.

जायंट्सने १८८८ आणि १८८९ ही दोन्ही अजिंक्यपदं जिंकली, ओ'रोर्क डाव्या मैदानात. आणि १८८९च्या नोव्हेंबरात ब्रदरहुडने लीगशी संबंध तोडून स्वतःची 'प्लेयर्स लीग' जाहीर केली. राखीव कलम नाही, वर्गवारी नाही, कारभारात खेळाडूंचा अर्धा वाटा, नफ्यातही हिस्सा. जायंट्सच्या क्लबने वॉर्डला न्यायालयात खेचलं. न्यू यॉर्कच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला: ज्या करारात एका बाजूला दहा दिवसांत सुटका आणि दुसऱ्या बाजूला कायमची बांधिलकी, त्याला समान करार कसं म्हणायचं? वकील खेळाडूंना हवा तोच युक्तिवाद.

१८९०च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला दोन मैदानं भिंतीला भिंत लावून उभी होती. एकात नॅशनल लीगचे उरलेसुरले जायंट्स, दुसऱ्यात ब्रदरहुडचे, त्यात ओ'रोर्क. एकाच वेळी दोन्हीकडे सामने, एकीकडचा गलका दुसरीकडे. १२ मे रोजी लीगच्या मैदानावर एमोस रूसी आणि किड निकोल्स या दोन तरुण पिचरांनी एकमेकांच्या संघांना धावच घेऊ दिली नाही. तेराव्या डावात माइक टीअरननने चेंडू मध्य मैदानाच्या कुंपणावरून पलीकडे, ब्रदरहुडच्या भिंतीपर्यंत टोलवला आणि सामना १-० असा संपला. टीअरननही आउटफिल्डर, पण बंडात न गेलेला. तरी शेजारच्या मैदानातल्या, म्हणजे बंडखोरांच्या प्रेक्षकांनीही त्याला टाळ्या दिल्या. प्रेक्षकांना भांडण कळत नव्हतं असं नाही. त्यांना दोन्ही गोष्टी एकदम कळत होत्या.

त्या वर्षी चाळिशीला टेकलेल्या ओ'रोर्कची सरासरी .३६० होती. पण प्लेयर्स लीग एकाच वर्षात संपली. अमेरिकन असोसिएशन धरून तिन्ही लीगना तोटा झाला होता, आणि प्लेयर्स लीगचं भांडवल धनिकांचं होतं. शरद ऋतूत ते धनिक स्पाल्डिंग आणि इतर मालकांशी वाटाघाटीला बसले, खेळाडूंना बाजूला ठेवून सौदे केले आणि जुन्या लीगच्या क्लबांत भागीदार होऊन बसले. किंग केलीची गोष्ट स्पाल्डिंगनेच आपल्या पुस्तकात लिहिली आहे. बंड सोडून परत यायला त्याने केलीपुढे दहा हजार डॉलर ठेवले. केली थोडा वेळ फिरून आला आणि नाही म्हणाला, पोरांना दगा देता येणार नाही. आणि मग त्याने स्पाल्डिंगकडूनच पाचशे डॉलर उसने घेतले. केलीबद्दल मला यामुळे फार आपुलकी वाटते. पण केली १८९४मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, आणि ओ'रोर्क तेव्हा पंच म्हणून काम करून मोकळा होत होता, ब्रिजपोर्टला परतायच्या बेतात. निष्ठा दोघांकडे होती. फरक पाचशे डॉलर उसने घ्यावे लागण्याचा होता.

या सगळ्यात एक गोष्ट बोचते. वॉर्ड आणि त्याचे सोबती आपली स्थिती सांगताना गुलामगिरीची भाषा सहज वापरत. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्याच काळात काळ्या खेळाडूंना व्यावसायिक बेसबॉलमधून बाहेर काढलं जात होतं. जुलै १८८७मध्ये इंटरनॅशनल लीगने नवे काळे खेळाडू घ्यायचे नाहीत असं ठरवलं. वेल्डी वॉकर, १८८४मध्ये टोलेडोकडून मोजके सामने खेळलेला आउटफिल्डर, याने १८८८मध्ये ट्राय-स्टेट लीगच्या अध्यक्षांना खुलं पत्र लिहून या बंदीचा जाब विचारला. ब्रदरहुडची दारं त्याच्यासाठी नव्हती. राखीव खेळाडूला एक दार तरी होतं. वॉकरला एकही नाही. 'मालमत्ता' ही उपमा अन्यायाच्या दृष्टीने चुकीची नव्हती, पण ती उसनी घेताना ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे पाहिलं गेलं नाही. ओ'रोर्कच्या खात्यात इथे एक चांगली नोंद आहे. १८९५मध्ये ब्रिजपोर्टचा स्वतःचा संघ काढल्यावर त्याने हॅरी हर्बर्ट या काळ्या खेळाडूला घेतलं, आणि हर्बर्ट एखाद्या सामन्यापुरता शोभेला नव्हता, तो तिथे टिकून खेळला.

ब्रिजपोर्टमध्ये ओ'रोर्क सगळंच होता: मालक, व्यवस्थापक, कॅचर, लीगचा पदाधिकारी, वकील. घरच्या शेतजमिनीवरच त्याने न्यूफील्ड पार्क हे मैदान उभं केलं. ज्या शेतामुळे त्याला मालकापुढे नाही म्हणता आलं, त्याच शेतावर तो मालक झाला. १९०४मध्ये, २२ सप्टेंबरला, अजिंक्यपदाच्या दारात उभ्या असलेल्या जायंट्सकडून चोपन्नाव्या वर्षी त्याने कॅचिंग केलं, एक हिट मारला, धावही काढली, आणि जायंट्स जिंकले. हा प्रसंग नेहमी खेळावरच्या अव्यभिचारी प्रेमाचा पुरावा म्हणून पुढे येतो. प्रेम होतंच. पण चोपन्नाव्या वर्षी हौस म्हणून एक सामना मागून घेणं कुणाला परवडतं? ज्याला त्या सामन्याच्या पैशांची गरज नाही त्यालाच. चार्ली जोन्सचं खेळावर प्रेम कमी होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि आता ती दुसरी गोष्ट. १९०१मध्ये छोट्या लीगनी मिळून आपली राष्ट्रीय संघटना काढली. तिच्या लवाद मंडळात वकील जेम्स ओ'रोर्क बसत असे. खेळाडू कुठल्या क्लबचा, कुणाची राखीव यादी वैध, कुणी करार मोडला, असले तंटे तिथे सुटत. छोट्या लीगमध्येही राखीव कलम होतं आणि मंडळाचं काम ते चालवणं हेच होतं. ज्याने वीस डॉलर कापू दिले नाहीत, तो आता इतरांच्या राखीव याद्या तपासत होता. याला दुटप्पीपणा म्हणण्याचा मोह होतो. मी त्याला दुटप्पी म्हणणार नाही, पण त्याला वाचवणारही नाही. तो स्वतः सुटला होता आपल्या शेतामुळे आणि सनदेमुळे. अशी सुटका एकट्याची असते, ती इतरांना वाटता येत नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्याला काय द्यायचं, याचं उत्तर त्याच्या आयुष्यात एकदाच, १८९०मध्ये, तयार होत होतं, आणि तेही परक्याच्या भांडवलावर. १९१९च्या पहिल्या दिवशी कडाक्याच्या थंडीत तो एका अशिलाला भेटायला पायी बाहेर पडला, न्यूमोनिया झाला आणि ८ जानेवारीला गेला. शेवटपर्यंत वकील.

राखीव कलमाला खरं आव्हान पुन्हा एका आउटफिल्डरनेच दिलं. सेंट लुइसचा मध्य मैदानातला कर्ट फ्लड, वर्षाला नव्वद हजार डॉलर कमावणारा काळा खेळाडू, १९६९मध्ये फिलाडेल्फियाला 'दिला' गेला. २४ डिसेंबरला त्याने आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं: मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, ही त्याची भूमिका. वॉर्डच्या उपमेला ऐंशी वर्षांनी तिचा खरा वारस मिळाला. १९२२च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती. १९७२मध्ये न्यायालयाने ती ५-३ मतांनी कायम ठेवली. फ्लड हरला. त्याआधीच, १९७१मध्ये, वॉशिंग्टनकडून जेमतेम तेरा सामने खेळून तो स्पेनला निघून गेला होता. त्याच्याकडे ब्रिजपोर्टसारखं काही नव्हतं. पण त्याच्यामागे मार्विन मिलरची खेळाडू संघटना होती. खटल्याचा खर्च तिने उचलला. त्याच संघटनेने १९७०च्या करारात तटस्थ लवादाची तरतूद मिळवली होती, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात सांगितलं की कलमाने खेळाडू बांधला जातो तो एका वर्षासाठी, कायमचा नाही. साइट्झना मालकांनी लगेच कामावरून काढलं. निकाल मात्र टिकला.

ओ'रोर्कच्या शेताचं काम संघटनेच्या वर्गणीने केलं, असं म्हणता येईल. माणसाला काही काळ पगाराशिवाय उभं राहता आलं तरच त्याच्या 'नाही'ला किंमत येते, आणि हे बळ घरून आलेलं असलं काय, सगळ्यांनी मिळून जमवलेलं असलं काय, मालकाला ते सारखंच लागतं. मोठ्या लीगमधल्या खेळाडूंना १९७६पासून ते मिळालं. ओ'रोर्क ज्यांच्या लवाद मंडळावर बसायचा, त्या छोट्या लीगमधल्या मुलांना मिळालं नाही. १९९८मध्ये फ्लडच्या नावाने जो कायदा झाला, त्यानेही मक्तेदारीविरोधी संरक्षण मोठ्या लीगच्या खेळाडूंपुरतंच दिलं. छोट्या लीगचे खेळाडू एका क्लबला वर्षानुवर्षं बांधलेले, अल्प पगारात राहिले. त्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली २०२२च्या सप्टेंबरात आणि पहिला सामूहिक करार झाला तो २०२३मध्ये.